रेखाच्या तारखेला नाशकात

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या वेंगुर्ल्यात पहिला प्रश्न रामकुंडाचा येतो आणि दुसरा द्राक्षांचा. रामकुंड मी येताना रिक्षातून पाहिलं. द्राक्षं जानेवारीत अजून आंबट होती. मग इतके दिवस केलंस तरी काय, असं माझ्या खानावळीत जेवायला येणारी माणसं विचारतात. ताटात भात वाढता वाढता सांगायची ही गोष्ट नाही, म्हणून लिहून काढते.

नाशिक रोड

अनुजा माझ्या मावशीची मुलगी. वकील आहे, एकटी राहते. नाशिक रोडला तिने जागा घेतली, ती पाहायला ये म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी मी निघाले तर फोनवर म्हणाली, "ये नंदाताई, पण माझी एक महत्त्वाची तारीख आहे मध्येच. मला घरात बसून राहता येणार नाही."

"मग मीही नाही बसणार. तू नेशील तिथे येईन," मी म्हटलं. तारीख म्हणजे कोर्टाची तारीख, एवढं मला कळलं होतं. कसली, ते विचारलं नव्हतं.

चौथ्या मजल्यावरच्या तिच्या गॅलरीतून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुरांडी दिसतात. सकाळी थंडीत त्यांच्यातून निघणारी वाफ इतकी पांढरी आणि जाड असते की मला आधी ते ढगच वाटले. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगावर चादर ओढायची. इथे मी अनुजाचा स्वेटर घालून, वर शाल गुंडाळून चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसले होते. त्यातच लक्षात आलं की बॅगेत कोकमाच्या आगळाची बाटली फुटली आहे. आणलेल्या चांगल्या दोन्ही साड्या लालजांभळ्या झाल्या होत्या. उरलेले सगळे दिवस मी अनुजाच्या साड्या नेसून काढले, आणि ती माझ्याहून चांगली हातभर उंच आहे.

त्या सकाळी तिने मला रेखाची हकीकत सांगितली.

रेखा पस्तिशीतली बाई. मूळची सटाण्याकडची. जुन्या नाशकातल्या एका गल्लीत तिची स्वतःची भाड्याची खोली होती आणि ती धंदा करायची. अनुजाने हाच शब्द वापरला. त्या बायका स्वतःही तोच वापरतात, म्हणून मीही वापरते. काही महिन्यांपूर्वी महामार्गावरच्या एका लॉजवर छापा पडला, तेव्हा रेखा तिथे होती. लॉजचा मालक आरोपी झाला. रेखावर गुन्हा नव्हता. कागदोपत्री ती 'पीडित महिला' होती, म्हणून तिला संरक्षणासाठी शहराबाहेरच्या एका सुधारगृहात ठेवलं. मालक जामिनावर आठवड्यात सुटला. रेखा अजून आतच होती.

"गुन्हा नाही तर आत कशाला?" मी विचारलं.

"कायदाच तसा आहे. पिटा म्हणतात त्याला, अनैतिक व्यापार रोखायचा कायदा. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने धंदा केला तर तो गुन्हा नाही. अड्डा चालवणं गुन्हा, दुसऱ्याला त्यात ढकलणं गुन्हा. पण छाप्यात सापडलेल्या बाईला सुरक्षित ठेवायचं म्हणून सुधारगृहात पाठवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की या बायकांना सन्मानाने वागवा, मर्जीने काम करणाऱ्यांना त्रास देऊ नका. ते सगळं खरं. पण सुधारगृहाचं दार बाहेरून उघडतं, ताई. आतून नाही."

आणि आता एक नवी अडचण आली होती. कोर्टाने चौकशीला धाडलेला माणूस रेखाच्या गावी जाऊन आला आणि तिच्या भावाला सगळं कळलं. भावाने कोर्टात अर्ज दिला की बहिणीचा ताबा मला द्या, मी तिला गावी नेऊन ठेवतो. परवाच्या तारखेला त्यावर निकाल होणार होता. एक तर भावाचा ताबा, नाही तर आणखी वर्षभर सुधारगृह, असं व्हायची दाट शक्यता होती. रेखाला दोन्ही नको होतं.

"तिला काय हवंय?" मी विचारलं.

"तिला तिच्या खोलीवर जायचंय."

पिठाच्या गिरणीवरचा हॉल

दुपारी आम्ही मिसळ खायला थांबलो. नाशिकच्या मिसळीबरोबर भाजका पापड आणि दही देतात, आणि काळ्या मसाल्याचा रस्सा वेगळ्या वाटीत. मी खानावळवाली, तिखटाला घाबरत नाही, अशा ऐटीत ती वाटी पुरती ओतून घेतली. आमच्या तिखटाला नारळ आवरतो. इथल्या तिखटाला कोणीच आवरत नाही. पुढचा तासभर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याच डोळ्यांनी मी संघटनेच्या सभेत शिरले.

खाली पिठाची गिरणी, वर लांबट हॉल. बाजरी दळल्याचा वास जिन्यातून वर येत होता. हॉल बायकांनी भरलेला होता. कोणी विशीतल्या, कोणी माझ्याएवढ्या, एकदोघी तर पार म्हाताऱ्या. माझे डोळे पाहून एक दणकट बाई पुढे आली. आखूड केस, खांद्यावर जाड शाल, आवाज भरदार. तिने मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आत्ताच आलाय तुम्ही. रडायचं काम नाय इथं."

"मिसळ खाल्ली," मी म्हटलं.

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. या इंदूताई, संघटनेच्या अध्यक्षा. पूर्वी त्यांनीही त्याच गल्लीत धंदा केला होता. आता वय झालं, पण गल्ली सोडली नव्हती.

त्या सभेत मी जे पाहिलं ते आधी कुठे पाहिलं नव्हतं. अनुजा उभी राहून एक वाक्य मराठीत बोलायची: "पोलीस आले तर पळू नका, नाव खरं सांगा." मग पुढच्या ओळीतली एक बाई ते तेलुगूत सांगायची. दुसरीकडून कोणी बंगालीत, मागून कोणी नेपाळीत. ते वाक्य ओळी ओलांडत मागे जायचं, आणि ते शेवटच्या भिंतीशी बसलेल्या बाईपर्यंत पोचून तिची मान हलेपर्यंत अख्खा हॉल थांबायचा. मगच पुढचं वाक्य. कोणी घाई केली नाही, कोणी कंटाळलं नाही. कायद्याची कलमं मी वर्तमानपत्रात वाचली असतील, पण कायदा असा हातातून हातात, पाण्याच्या कळशीसारखा जाताना कधी पाहिला नव्हता.

नंतर त्यांनी कोर्टाची तालीम केली. छाप्यात सापडल्यावर न्यायाधीशांपुढे नेतात, तेव्हा बायकांची बोबडी वळते. न बोलणारी बाई दबावाखाली आहे असं समजून तिला सुधारगृहात पाठवलं जातं. म्हणून बोलायची सवय करायची. न्यायाधीश कोण होणार असा प्रश्न आला आणि इंदूताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अनोळखी माणूस पायजे. आम्हाला एकमेकींची भीतीच वाटत नाय."

अनुजाची लांब साडी सावरत मी खुर्चीवर बसले. पुढे एक बारीक, काळीसावळी बाई येऊन उभी राहिली. सगळ्या तिला लक्ष्मी म्हणत होत्या. मी जमेल तेवढ्या कडक आवाजात विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

ती गप्प. मी पुन्हा विचारलं. ती खाली बघत राहिली. मला वाटलं, आता शेजारची कोणी तरी सांगेल. कोणी सांगितलं नाही. हॉलमध्ये फक्त खालच्या गिरणीची घरघर ऐकू येत होती. बराच वेळ गेला. मग तिने मान वर केली आणि एक मोठं, गोल गोल अक्षरांचं नाव उच्चारलं. स्वतःचं, वडिलांचं, घराण्याचं. त्यात लक्ष्मी कुठेच नव्हतं.

तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईने तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्या होत्या आणि हे नाव तिने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता. मी विसरले.

पांडवलेणी

दुसऱ्या दिवशी इंदूताईंचा फोन आला. "तारखेच्या आदल्या दिवशी मला घरात बसवत नाय. मी लेण्यांवर चढते. येताय का?"

अनुजाला कोर्टाची तयारी होती. आम्ही दोघीच गेलो. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. इंदूताईंनी आपल्या पिशवीतून सुतळी काढून तो बांधून दिला आणि वर म्हणाल्या, "कोकणातल्या चपला समुद्रालाच बऱ्या." झाडांत माकडं होती, पायऱ्यांवर शाळेची सहल होती. वर पोचल्यावर वारा असा लागला की बोलणं उडून जात होतं.

लेण्यांच्या दगडात मोठमोठे लेख कोरलेले आहेत. मला ते वाचता येत नाहीत, इंदूताईंनाही नाही. पण त्यांनी आत जाऊन बुद्धाच्या मूर्तीपुढे डोकं टेकलं, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या, आणि मग आम्ही बाहेर कातळावर उन्हात बसलो. समोर अख्खं नाशिक पसरलं होतं. डावीकडे सातपूरच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती, आणि फार लांब, धुक्यात, एकलहऱ्याची वाफ.

मी डब्यातून गुळाआल्यात घोळलेलं आमच्याकडचं खाजं काढलं. इंदूताईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि आल्याचा झटका लागल्यावर खूश झाल्या. मग मी मनात घोळणारा प्रश्न विचारला. "इंदूताई, रागावू नका. मर्जीने, मर्जीने असं तुम्ही सगळ्या म्हणता. खरंच असतं का ते?"

त्या रागावल्या नाहीत. "मला फसवून आणलं होतं. नात्यातल्या माणसानं. आणली गेले ती माझ्या मर्जीनं नाय. पण पुढं सुटका झाली, घरी पोचवलं, घरच्यांनी दाराबाहेर जेवायला वाढलं. मग मी परत आले. ती माझ्या मर्जीनं आले. ह्या दोन गोष्टी लोकांना एकच वाटतात."

मग त्या म्हणाल्या, "म्हणून तर गल्लीत कोणी कोवळी पोर दिसली, कोणी रडती बाई दिसली, तर पोलिसांना पहिला फोन आमचाच जातो. दोन दलालांना आम्ही स्वतः आत घातलंय. मला धमक्या आल्या. एकदा रात्री दाराला आग लावली. तरी नाय सोडलं."

"आणि रेखा?"

"रेखा त्या तिथं होती." त्यांनी सातपूरकडे बोट केलं. "पॅकिंगला. उभ्यानं बारा तास. ठेकेदारानं अंगाला हात लावला, तिनं बोंब मारली, तर कामावरून तीच गेली. मग तिनं आपलं आपण ठरवलं. मला आवडलं असं नाय. मी तिला दोनदा समजावलं. पण ठरवलं तिनं, अन् मी कोण तिची?"

दाराला आग लागल्यावरही त्याच दारात राहणारी ही बाई, दुसरीने काय करावं ते ठरवायचा हक्क मात्र स्वतःकडे घेत नव्हती. मी घरात सुनेला डाळीत मीठ किती घालायचं तेही ठरवून देते.

"उद्या काय होईल?" मी विचारलं.

"भावानं आईला आणलं तर अवघड हाय," त्या म्हणाल्या. "आईचं रडणं कोणी मोडू शकत नाय. रेखापण नाय."

कोर्ट

भावाने आईला आणलं होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर ती बसली होती. वाळकी, ताठ, हिरवं नऊवारी लुगडं, डोळ्यांवर ऑपरेशननंतर देतात तसला काळा चष्मा. सोजाबाई तिचं नाव. शेजारी भाऊ, सुरेश. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कागदांची पिशवी. तो मला वाईट माणूस वाटला नाही. तो सारखा घाम पुसत होता, एवढी थंडी असून. आपल्याला कोणी ओळखत तर नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे बघत होता. अर्जावर आईचाही अंगठा आहे, असं अनुजाने मला हळूच सांगितलं. तिचा चेहरा उतरला होता.

संघटनेच्या बायका व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. लक्ष्मी होती, इंदूताई होत्या.

मग महिला पोलीस रेखाला घेऊन आल्या. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. साधा सलवार कुर्ता, तेल लावून घट्ट घातलेली वेणी. आईला पाहून ती मध्येच थांबली. आई उठली नाही. तिने फक्त काळा चष्मा काढला, मुलीकडे नीट पाहिलं आणि परत लावला.

आत न्यायाधीश मॅडम होत्या, चाळिशीच्या आसपासच्या. त्यांनी रेखाला विचारलं, "बाकीच्यांना बाहेर पाठवू का? तुम्हाला मोकळेपणाने बोलता येईल."

रेखाने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. भावाकडेही. "राहू द्या सगळ्यांना," ती म्हणाली.

मग ती बोलली. आवाज लहान होता, पण अडखळला नाही. "मी सज्ञान आहे. मला कोणी डांबलेलं नव्हतं. धंदा मी माझ्या मर्जीनं करते. मला माझ्या खोलीवर जायचंय."

"भावाकडे का नको?"

"भावावर माझा राग नाही, मॅडम. पण चौकशीचा माणूस गेला तेव्हापासून गावाला सगळं कळलंय. तिथं मला घरात कोंडून ठेवतील. सुधारगृहातही दार बाहेरून बंद असतं, तिथंही तसंच असेल. माझ्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते."

सरकारी वकील म्हणाले की मुलीच्या भल्यासाठी कुटुंबच योग्य, आईसुद्धा आली आहे. अनुजाने वरच्या न्यायालयांनी काय म्हटलंय ते मांडलं, की सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध ठेवता येत नाही. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं आणि आईला पुढे बोलावलं.

सोजाबाई उभी राहिली. सुरेश तिला हात द्यायला गेला, तिने घेतला नाही.

"तुम्ही मुलीला न्यायला आलात ना?" मॅडमनी विचारलं.

"नही साहेब," सोजाबाई म्हणाली.

सुरेशने दचकून तिच्याकडे पाहिलं. ती अहिराणीत बोलत होती. मला अर्धं कळत होतं, अर्धं अनुजाने नंतर सांगितलं. पण तेव्हाही मला वाटलं की सगळं कळतंय.

"मना पोऱ्या म्हनस, तिना ताबा मांगू. मी इचारस, ताबा म्हंजे काय शे?"

मॅडम म्हणाल्या, "ताबा म्हणजे तिची जबाबदारी कोणी तरी घ्यायची."

"मंग हाई उलटं शे." म्हातारीने एक हात वर केला आणि मुलाकडे दाखवला. "तिनी जबाबदारी कोन्हीच लिधी नही. तीच आमनी लेस. ह्याना लगीन तिनी करं. मना डोयानं आपरेशन तिनी करं. तिना ताबा मी कशी लेऊ साहेब? मीच तिना ताबामा शे."

मुलाचं लग्न, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं रेखानेच केलेलं, म्हणजे आईच मुलीच्या ताब्यात. टंकलेखन करणाऱ्या बाईंची बोटंही थांबली होती.

"अर्जावर तुमचा अंगठा आहे," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या.

"व्हय. पोऱ्यानं सांगं, दिधा. पन आते तुम्ही इचारं ना. माले आजवर कोन्ही इचारं नव्हतं."

"मुलगी काय काम करते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माय शे मी. माले सांगानं काय काम?" मग ती रेखाकडे वळली. रेखाने दोन्ही हातांनी कठड्याची कड घट्ट धरली होती. "तिले तिनं मन जठे जाई तठे जाऊ द्या."

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी आदेश वाचला. सज्ञान स्त्रीला कोणाच्याही ताब्यात देण्याचा प्रश्न येत नाही. भावाचा अर्ज फेटाळण्यात येतो. रेखाला सुधारगृहातून सोडावं, आणि तिच्या इच्छेप्रमाणे जाऊ द्यावं.

इतकी वर्षं आरती, कीर्तनं, भाषणं ऐकली. एवढ्या साध्या तीन वाक्यांनी माझ्या अंगावर काटा येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

व्हरांड्यात सुरेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. इंदूताई त्याच्याजवळ गेल्या आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली. पाणी प्याल्यावर तो आईला म्हणाला, "मी गावात काय सांगू?"

"सांग, ताईनं बोलाडं म्हनीसन माय राहिनी," सोजाबाई म्हणाली. ताईने बोलावलं म्हणून आई राहिली.

त्याने पिशवीतून आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढली, तिच्या हातात दिली, दिवसातून किती वेळा घालायचे ते दोनदा बजावलं आणि सटाण्याच्या गाडीसाठी एकटाच निघून गेला. फाटकापाशी त्याने एकदा मागे पाहिलं. रेखाला तेव्हा पोलिसांनी परत गाडीत बसवलं होतं. त्यांची नजरानजर झाली नाही.

सुधारगृहाचं दार

आदेश झाला तरी त्याची शिक्क्याची प्रत लागते. ती मिळेपर्यंत दुपार कलली. सुधारगृहाच्या अधीक्षकांनी संध्याकाळी जायच्या आत प्रत हातात पडली नाही, तर सुटका उद्यावर. अनुजा या खिडकीतून त्या खिडकीकडे पळत होती. बाकी आम्ही सगळ्या दोन रिक्षा आणि एका टेम्पोत बसून तयार. ती धावत आली तेव्हा तिच्या काळ्या कोटाची एक बाही उलटी झाली होती.

रस्त्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग आडवी आली. आमचा रिक्षावाला उतरून पुढे गेला आणि कोणाशी तरी भांडून, कोणाला तरी विनवून वाट करून घेतली. आम्ही कोण आहोत ते त्याला ठाऊक होतं. परतल्यावर एवढंच म्हणाला, "बसा आवरून, खड्डे लय हायेत."

सुधारगृहाच्या फाटकाशी आम्ही उभ्या राहिलो. ऊन उतरलं होतं. आत अनुजा कागद दाखवत होती. अधीक्षक बाईंनी तो दोनदा वाचला, कोणाला तरी फोन केला, मग मान हलवली. फाटकातला लहान दिंडीदरवाजा उघडला आणि रेखा बाहेर आली. हातात कपड्यांची प्लास्टिकची पिशवी. तिच्या मागे, आतल्या जाळीच्या खिडकीत, कितीतरी बायकांचे चेहरे होते. त्या बघत होत्या. आमच्यातल्या लक्ष्मीने त्यांच्या दिशेने हात वर केला आणि तसाच धरून ठेवला, दिंडी बंद होईपर्यंत.

सोजाबाई मुलीपुढे गेली. मिठी नाही, रडणं नाही. तिने रेखाची ओढणी सारखी केली आणि विचारलं, "जेवनी का?"

रेखाने मान हलवली, नाही म्हणून. मग ती म्हणाली, "आई, आज राहशील? माझ्याकडे?"

सोजाबाई जाऊन रिक्षात बसली.

गल्लीत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दोन्ही बाजूंना जुनी, लाकडी कठड्यांची घरं, खाली पानाची टपरी, कोपऱ्यावर भेळवाला. इतक्या वर्षांत पुण्यामुंबईच्या अशा गल्ल्यांवरून मी मान खाली घालून गेले असेन. आज मी मान वर करून चालले, कारण माझ्यापुढे सोजाबाई चालत होती आणि ती सगळं बघत होती. दारं, पडदे, दारांत उभ्या असलेल्या बायका. एकेक बाई उंबऱ्यावरून उठून उभी राहत होती. कोणी तसं सांगितलं नव्हतं.

रेखाने कमरेची किल्ली काढली. इतके महिने बंद राहिलेलं कुलूप जरा अडलं, मग उघडलं. लहानशी खोली, एक पलंग, एक शेगडी, भिंतीवर आरसा. सगळ्यावर धूळ. लक्ष्मीने झाडू घेतला, इंदूताईंनी शेजारून पिठलं आणि बाजरीच्या भाकऱ्या आणवल्या. मला शेगडीपाशी जागा करून दिली. खानावळवालीला रिकामं बसवत नाही, म्हणून मी ठेचा कुटला, आणि इथल्या मिरच्यांचा मान ठेवून कमी कुटला. आम्ही सगळ्या जमिनीवर गोल बसून जेवलो. सोजाबाईने रेखाच्या ताटात स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी ठेवली. रेखाने ती पूर्ण खाल्ली आणि मगच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

जेवण झाल्यावर म्हातारीला गुदमरल्यासारखं झालं असावं. ती उठून बाहेर उंबऱ्यावर जाऊन बसली. मीही तिच्याजवळ बसले. शेजारच्या उंबऱ्यांवर दुसऱ्या बायका होत्या. सोजाबाईने त्यातल्या एकीला गाव विचारलं, दुसरीला मुलंबाळं विचारली. भाषा कळत नव्हती तिथे नुसती मान हलवली.

तेवढ्यात एक माणूस आला. मध्यमवयीन, गळ्याला मफलर. रोजचा असावा. तो रेखाच्या दारापुढे थांबला, उघडं दार पाहिलं, आतला उजेड पाहिला, आणि उंबऱ्यावरच्या म्हातारीला पाहून गोंधळला. आत रेखाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

सोजाबाईने काळा चष्मा सारखा केला आणि त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, लाजही नव्हती. आपल्या दुकानाच्या फळीवर बसलेल्या बाईने सांगावं तसं तिने सांगितलं, "आज बंद शे. मनी पोर घर उनी." माझी पोर घरी आली आहे.

त्या माणसाने हात जोडले आणि आल्या वाटेने परत गेला.